पाखरांचा दाणा

"हे तर आम्ही गोल्डफिंचना घालतो,"
ग्वेंडा प्रिचर्ड म्हणाली, बरणी उजेडात धरून.
लडलोच्या बाहेरचं फार्म शॉप, मंगळवार, सव्वानऊ.
तिच्यामागे चीजची चाकं, पेअरच्या रसाच्या बाटल्या,
आणि दाराशी, खरंच, पोत्यात
कारळे. तेच. काळे, चकचकीत,
दोन किलो, पाखरांसाठी.

मी म्हटलं, आमच्याकडे माणसं खातात.
ती हसली नाही.
मला वाईट वाटू नये म्हणून चिमूटभर जिभेवर ठेवली
आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.
"बारा ठेव. खपल्या तर पैसे, नाहीतर घेऊन जा."

परतताना गाडीत मी
बारा हा आकडा मोठ्याने म्हणून बघितला.

त्याआधीचं कुणाला सांगू?
गावच्या सभागृहाचं स्वयंपाकघर, तासाला अकरा पौंड,
बुधवारी सात ते दहा,
भिंतीपलीकडे ब्रास बँडची तालीम, एकच ओळ, तीही चुकीची.
कौन्सिलचा माणूस थर्मामीटर घेऊन आला,
फ्रिजमध्ये घातला, नळाखाली धरला,
माझ्या तोंडात घालायचा तेवढा राहिला.
"मीठ किती?"
चवीपुरतं, हे त्याच्या फॉर्मवर कुठे लिहायचं?
सोलापुरात किल्लेदार काकूंनी
मूठ उघडून दाखवली होती. एवढं. बास.
ती मूठ मी काट्यावर चारदा रिकामी केली,
चारदा वेगळा आकडा आला.
शेवटी सरासरी काढून छापली:
शंभर ग्रॅममध्ये दोन पूर्णांक एक.
काकू, तुमचा हात आता दशांशात आहे.

लेबलं बोगुशिया चिकटवते. तिची सरळ बसतात,
माझी वरातीतल्या फेट्यासारखी, एका कानावर.
शेंगदाणे ठळक, तीळ ठळक,
कारळे बारीक, त्यांची कुणालाच भीती नाही.
बरणी, झाकण, कागद मिळून सत्तर पेन्स,
आतला माल त्याहून स्वस्त,
ग्वेंडाचा वाटा पस्तीस टक्के.
माझ्या तासांचा रकाना मी कोरा ठेवते.
त्र्यंबक डोकावला की कागद उलटा करते.

तिसऱ्या शनिवारी गेले तर
चटण्यांच्या फळीवर आंबा होता, कांदा होता, बीट होतं,
मी नव्हते.
पोटात खड्डा.
कॅलम नावाचा नवा पोरगा, कान लाल करून म्हणाला,
"मी त्या दाण्यांत लावल्या. वर बी असं लिहिलंय ना."
चरबीच्या गोळ्यांच्या आणि टांगायच्या जाळ्यांच्या मधे
माझ्या बरण्या. मोजल्या. सात.
पुन्हा मोजल्या.

पाच कुठे गेल्या, ते टोपी काढून समोर उभं होतं:
मिस्टर बेब, हातात रिकामी बरणी, धुतलेली.
"पहिली बागेत पसरली. सहा गोल्डफिंच आले,
भांडले, मान वर करेनात.
एवढं काय आहे म्हणून बोट लावलं मी."
नळावर अर्धा तास गेला, म्हणाले.
दुसऱ्या दिवशी चीज-टोस्टवर थोडी, तिसऱ्या दिवशी जास्त.
"पाखरांना आता देत नाही. परवडत नाही."

मीठ असतं हो त्यात, मी घाईने सांगितलं,
त्यांना मुळीच घालू नका.
तिखटाचं काही नाही, पाखरांना म्हणे ते लागतच नाही.
"बिचारी," म्हणाले मिस्टर बेब, अगदी मनापासून.

ग्वेंडाने कानावरचं पेन काढलं.
"चोवीस दे. कुठे लावू, चटण्यांत की दाण्यांत?"
मी फळीकडे बघितलं, दाराकडे बघितलं.
राहू देत आहेत तिथेच.

पैसे साठ दिवसांनी.
तोवर बुधवार आहे, बँडची तीच ओळ आहे,
कढई आहे. आच मंद ठेवायची,
तडतडले की लगेच उतरवायचे,
क्षणभर जास्त झाला
की कडू.